गिगाकास्टिंग आणि बेळगावच्या फाउंड्र्या: धोका नेमका कोणाला?

उद्यमबागचा ओतकामवाला

उद्यमबाग आणि मच्छे भागातील फाउंड्रीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर टेस्लाच्या त्या प्रचंड डायकास्टिंग यंत्राच्या चित्रफिती पुन्हा फिरू लागल्या आहेत. डायकास्टिंग म्हणजे वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, भरणे; गाडीच्या सांगाड्याचा मोठा भाग असा एका दमात, म्हणजे एका शॉटमध्ये, ओतला की त्याला गिगाकास्टिंग म्हणतात. प्रत्येक चित्रफितीखाली निष्कर्ष एकच असतो: गाडीचा अर्धा सांगाडा एका शॉटमध्ये निघू लागला, म्हणजे आता आपल्यासारख्यांचे कास्टिंगचे धंदे बंद होणार. मी ग्रे आयर्न (राखी ओतीव लोखंड) आणि एसजी आयर्नच्या (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असते त्या लोखंडाच्या) फाउंड्रीत गुणवत्ता विभाग सांभाळतो आणि मला हा निष्कर्ष मुळातच पटत नाही. कारण सविस्तर मांडतो. डायकास्टिंगमध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी त्यात भर घालावी.

आधी हे पाहू, की गिगाकास्टिंगने गाडीतून नेमके काय काढून टाकले. टेस्लाने २०२० मध्ये फ्रीमाँटच्या कारखान्यात मॉडेल वाय गाडीचा मागचा तळभाग अॅल्युमिनियममध्ये ओतायला सुरुवात केली. सुरुवातीला तो दोन तुकड्यांत होता, नंतर एकसंध झाला. मॉडेल ३ मध्ये त्याच जागी सुमारे ७० वेगवेगळे भाग होते. शाओमीच्या एसयू७ मध्ये ७२ भागांच्या जागी एक कास्टिंग आले आणि कंपनीच्या सांगण्यानुसार ८४० वेल्ड कमी झाले. टोयोटाने २०२३ मध्ये जे प्रात्यक्षिक दाखवले, त्यात मागच्या भागातील ८६ तुकडे आणि ३३ प्रक्रिया यांची जागा एका ओतीव भागाने घेतली होती. हे जे सत्तर-ऐंशी भाग गेले, ते बहुतेक सगळे प्रेसमध्ये दाबलेल्या पत्र्याचे होते. म्हणजे काम गेले ते प्रेसशॉपचे, स्पॉट वेल्डिंगच्या रोबोंचे आणि वेल्डिंग फिक्स्चर बनवणाऱ्यांचे. त्या सत्तर भागांत आपल्या वाळूच्या साच्यातून निघणारे ओतीव लोखंड जवळजवळ नव्हतेच.

आपले लोखंड गाडीत असते ते इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, फ्लायव्हीलमध्ये, क्लचच्या प्रेशर प्लेटमध्ये, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, ब्रेकच्या ड्रम-डिस्कमध्ये, हबमध्ये आणि स्टिअरिंग नकलमध्ये (चाकाचा हब धरून त्याला वळवणाऱ्या भागात). यांतले पहिले चार भाग विजेच्या गाडीत लागतच नाहीत, मग तिचा सांगाडा पत्र्याचा असो की ओतलेला. तेव्हा काळजी करायचीच असेल तर ती इंजिनाची करावी. चित्रफितीतल्या त्या इटालियन यंत्राकडे पाहून घाबरण्याचे कारण मला दिसत नाही.

खानापूरचा डायवाला, सध्या चाकण

मांडणी बरोबर आहे. मात्र यंत्राविषयी थोडे तपशिलात बोलायला हवे, कारण 'सहा हजार टन' म्हणजे काय याबद्दल आपल्याकडे फार गोंधळ आहे. परवा एका ओळखीच्या उद्योजकाने मला विचारले, की इतके टन अॅल्युमिनियम एका वेळी वितळवायचे तर भट्टी केवढी लागेल!

हे टन धातूचे नसून डाय बंद धरून ठेवणाऱ्या बळाचे असतात. वितळलेला धातू डायमध्ये शिरल्यावर त्यावर प्लंजरचा (धातू ढकलणाऱ्या दट्ट्याचा) दाब येतो आणि तो दाब डायचे दोन्ही अर्धे एकमेकांपासून दूर ढकलू पाहतो. डाय उघडण्याच्या दिशेने पाहिल्यास कास्टिंगची जी सावली पडेल, तिचे क्षेत्रफळ गुणिले धातूवरचा दाब, एवढे बळ यंत्राने सोसावे लागते. रनर (धातू आत नेणाऱ्या वाटा) आणि ओव्हरफ्लो (जादा धातूचे कप्पे) यांसकट हे क्षेत्रफळ एक चौरस मीटर धरले आणि दाब ६०० बार धरला, तर उत्तर ६०,००० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ६,१०० टन येते. टेस्लाला ही यंत्रे देणाऱ्या इड्रा कंपनीच्या पहिल्या प्रसिद्ध यंत्राचा आकडा याच घरातला आहे. बळ कमी पडले तर डाय किंचित उघडते, धातू फटीतून बाहेर येतो आणि त्याला आपण फ्लॅश म्हणतो. सायबरट्रकसाठी ९,००० टनांचे आणि एसयू७ साठी ९,१०० टनांचे यंत्र लागले, ते याच हिशेबाने. इड्रा ही इटलीतल्या ब्रेशाजवळची कंपनी असली तरी २००८ पासून तिची मालकी हाँगकाँगच्या एलके टेक्नॉलॉजीकडे आहे. त्यामुळे चीनमधल्या गाड्यांत हे तंत्र इतक्या झपाट्याने का पसरले, याचे नवल वाटायला नको.

एका शॉटमध्ये धातू जातो तो ऐंशी-शंभर किलोच. अवघड भाग तो भरण्याचा आहे. भिंतीची जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास आणि धातूला धावायचे अंतर मीटरभराहून अधिक. वाटेतच तो गोठू नये म्हणून संपूर्ण पोकळी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास भरावी लागते. गेटपाशी, म्हणजे पोकळीत शिरण्याच्या तोंडापाशी, धातूचा वेग सेकंदाला तीस ते साठ मीटर असतो. एवढ्या वेगाने शिरणारा धातू हवा पोटात घेऊनच जातो, म्हणून शॉट मारण्यापूर्वी डायमधली हवा व्हॅक्यूमने ओढून घेतात. व्हॅक्यूमची झडप एखाद्या शॉटला उशिरा बंद झाली तर तिच्यात धातू जाऊन बसतो आणि लाइन थांबते. लहान यंत्रावर हा अर्ध्या तासाचा त्रास असतो. शंभर टनांच्या आसपास वजनाच्या डायवर तो काय असेल, याची कल्पना करा.

डायचा खर्च हे स्वतंत्र प्रकरण आहे. एच१३ जातीच्या टूल स्टीलच्या पृष्ठभागावर प्रत्येक शॉटला सुमारे ७०० अंशांचा धातू आदळतो आणि लगेच गार फवारा बसतो. या तापण्या-थंडावण्याने पृष्ठभागावर बारीक भेगांचे जाळे तयार होते, ज्याला आम्ही हीट चेकिंग म्हणतो. साध्या अॅल्युमिनियम डायचे आयुष्य लाखभर शॉटच्या आसपास धरतात. इतक्या मोठ्या डायमध्ये ते राखणे अधिक कठीण, म्हणून झिजणारे इन्सर्ट वेगळे बदलता येतील अशीच रचना करावी लागते. टोयोटाने नेमका इथे हात घातला आहे. त्यांनी डायचा सामायिक भाग यंत्रातच ठेवून फक्त भागाच्या आकाराशी संबंधित हिस्सा बदलण्याची सोय केली आणि जी अदलाबदल करायला एरवी दिवसभर लागतो, ती २० मिनिटांवर आणल्याचे सांगितले. माझ्या मते टनांच्या शर्यतीपेक्षा ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, पण तिची चित्रफीत कोणी पुढे पाठवत नाही.

मच्छेची विद्यार्थिनी

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन शंका आहेत. लोखंड अशा प्रकारे दाबाने पोलादी डायमध्ये का ओतत नाहीत? आणि अॅल्युमिनियमची कास्टिंग्ज मजबुतीसाठी टी६ या उष्णताप्रक्रियेतून नेतात असे आम्हाला शिकवले आहे, मग गिगाकास्टिंगच्या माहितीत सगळीकडे 'उष्णताप्रक्रियेची गरज नसलेला मिश्रधातू' असा उल्लेख का असतो?

टिळकवाडीचे निवृत्त शिक्षक

पहिल्या शंकेचे उत्तर थोडक्यात देता येते. राखी लोखंड ओतताना १,३५० ते १,४०० अंशांवर असते आणि एच१३ पोलाद स्वतःच त्याहून थोड्याच वरच्या तापमानाला वितळू लागते. अशा डायचे आयुष्य मोजण्यात अर्थ उरत नाही. शिवाय पोलादाच्या गार भिंतीला टेकून लोखंड इतक्या झटपट गोठले, तर त्यातला कार्बन ग्राफाइट न होता कार्बाइड होतो आणि पांढरे, ठिसूळ लोखंड हाती येते. वाळू हळू थंड करते, हा आपल्या धंद्यात तिचा गुणच आहे.

दुसरी शंका अधिक मोलाची आहे. टी६ मध्ये कास्टिंग ५०० अंशांच्या जवळपास तापवून ठेवतात, पाण्यात बुडवून एकदम थंड करतात आणि मग पुन्हा थोडे तापवून मॅग्नेशियम व सिलिकॉनचे सूक्ष्म कण धातूत उतरवतात. डायकास्टिंगच्या पोटात हवा अडकलेली असेल, तर त्या तापमानाला धातू मऊ पडतो, हवा फुगते आणि पृष्ठभागावर फोड येतात. व्हॅक्यूमने हा दोष आटोक्यात आणता येतो. परंतु दीड मीटरचा, तीन मिलिमीटर जाडीचा भाग पाण्यात बुडवल्यावर वाकल्यावाचून राहत नाही आणि तो सरळ करण्यात जो वेळ व पैसा जातो, त्यात एका शॉटमध्ये भाग काढण्याचा फायदा वाहून जातो. म्हणून ओतल्या अवस्थेतच पुरेशी ताकद आणि पुरेशी लांबण्याची क्षमता असलेला मिश्रधातू हवा असतो. टेस्लाने स्वतःचा केला आहे. बाजारात मॉलिब्डेनम आणि झिर्कोनियमची अल्प मात्रा असलेले मिश्रधातूही मिळतात.

आता लोहाच्या प्रमाणाकडे या, कारण खरी मेख तिथे आहे. आपल्याकडे डायकास्टिंगवाले सर्रास एडीसी१२ हा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू वापरतात. त्यात लोहाचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास चालवून घेतात, किंबहुना ते हवेच असते, कारण लोह नसेल तर अॅल्युमिनियम पोलादी डायला चिकटते. पण हेच लोह सिलिकॉनबरोबर सुईसारखे कठीण स्फटिक तयार करते आणि धक्का बसला की तडा त्या सुयांच्या कडेने पळतो. एडीसी१२ ओढून पाहिला तर दोन-तीन टक्के लांबतो आणि तुटतो. कंप्रेसरच्या कव्हरला तेवढे पुरते. अपघातात चुरगळून ऊर्जा शोषून घेण्याची अपेक्षा असलेल्या भागाला ते पुरत नाही. म्हणून सांगाड्याच्या मिश्रधातूत लोह ०.१५ ते ०.२ टक्क्यांच्या आत ठेवतात आणि डायला चिकटू नये म्हणून ०.५ ते ०.८ टक्के मँगनीज घालतात.

याचा परिणाम कच्च्या मालावर होतो. भंगार अॅल्युमिनियमात स्क्रू, बुशिंग, पत्रा यांतून लोह येतेच आणि एकदा विरघळलेले लोह काढून टाकणे अत्यंत अवघड असते. म्हणून या कामाला बराचसा प्राथमिक, म्हणजे खनिजापासून नव्याने काढलेला, धातू लागतो. एक किलो प्राथमिक अॅल्युमिनियमला केवळ विद्युत विघटनात १३ ते १४ युनिट वीज जाते, तर भंगार वितळवून तेच करायला त्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा लागते. बेळगावच्या जुन्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. यमनापूरच्या अॅल्युमिनियम कारखान्यात एकेकाळी धातू निघत असे, आता तिथे अॅल्युमिना (धातू काढण्यापूर्वीचे ऑक्साइड) बनते. विजेच्या दराने स्मेल्टरचे (धातू काढणाऱ्या कारखान्याचे) काय होते, ते आपल्या गावाने पाहिलेले आहे.

निपाणीचा बॉडीशॉपवाला

तंत्र काहीही असो, गाडी ठोकली की ती शेवटी आमच्याकडे येते, म्हणून मी त्या बाजूने लिहितो.

पत्र्याच्या गाडीचा मागचा लाँग मेंबर (तळातली लांब तुळई) वाकला तर आम्ही तो फ्रेम मशीनवर ओढून मापात आणतो आणि फारच चुरगळला असेल तर तेवढाच कापून नवा वेल्ड करतो. ओतीव अॅल्युमिनियम ओढून सरळ करता येत नाही. ते थोडे वाकते आणि मग तडकते, आणि तडा बाहेरून दिसेलच असेही नाही. वेल्डिंग करायचे तर उष्णतेच्या पट्ट्यात मूळ ताकद राहील याची खात्री कशी द्यायची? यावर कंपन्यांचे उत्तर असे असते, की कास्टिंगच्या पुढे वेगळा क्रॅश बॉक्स बोल्टने बसवलेला असतो, लहान धडकेत तोच चुरगळतो आणि तो बदलता येतो. ते मान्य आहे. पण महामार्गावर संकेश्वर ते कागलच्या पट्ट्यात मागून ट्रक आदळतो तेव्हा तो क्रॅश बॉक्सपाशी थांबत नाही. मग कंपनीच्या सूचनेप्रमाणे कास्टिंगचा ठरावीक हिस्सा कापून नवा हिस्सा चिकटद्रव्य आणि रिव्हेटने जोडायचा, किंवा गाडी विम्यात 'टोटल लॉस' धरायची, एवढेच पर्याय उरतात. पहिल्या पर्यायासाठी लागणारी साधने आणि प्रशिक्षण तालुक्याच्या गावी कोणाकडे आहेत?

आणखी एक मुद्दा राहतो. पोलादी पत्रा आणि अॅल्युमिनियम एकमेकांना उघडे टेकले आणि मध्ये ओल साठली, की अॅल्युमिनियम गंजू लागते. कारखान्यात मध्ये चिकटद्रव्याचा थर असतो. दुरुस्तीत तो थर नीट घातला गेला नाही तर दोष दोन-तीन पावसाळ्यांनी उघड होतो, आणि आंबोली-चोर्ल्याच्या पावसात जाणाऱ्या गाडीला त्याहून लवकर.

उद्यमबागचा ओतकामवाला

सर आणि निपाणीकर, दोघांचेही आभार. आता भारतात हे कधी येईल, या प्रश्नाला हात घालतो, कारण गटांवरच्या चर्चेत तो कोणी विचारत नाही.

एक शॉट दीड मिनिटाचा धरला तर यंत्र तासाला ४० भाग देते. दिवसाला वीस तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरल्यास २,४०,००० भाग होतात. बंद काळ आणि रिजेक्शन वजा करून दीड लाखाच्या वर तरी सहज राहतात. आपल्या देशात २०२४ मध्ये सर्वाधिक खपलेली गाडी दोन लाखांच्या किंचित पुढे गेली आणि त्याच वर्षी सगळ्या कंपन्यांच्या मिळून विजेच्या मोटारी लाखाच्या आसपास विकल्या गेल्या. म्हणजे विजेच्या एखाद्या मॉडेलसाठी असे यंत्र घेतले, तर ते वर्षातला बराच काळ उभे राहील. पत्र्याच्या बाबतीत प्रेस एकच असते आणि डाय बदलून तिच्यावर पाच मॉडेलांचे भाग निघतात. वेल्डरची मजुरी युरोपाच्या मानाने कमी असताना सत्तर भाग जोडण्याचा खर्चही आपल्याकडे तितका टोचत नाही. व्होल्व्होने २०२२ मध्ये टोर्सलांडाच्या कारखान्यासाठी १० अब्ज स्वीडिश क्रोनांची गुंतवणूक जाहीर केली, त्यात मेगाकास्टिंग (गिगाकास्टिंगचेच दुसरे नाव) हा एक भाग होता. तो हिशेब तिथल्या मजुरीचा आणि तिथल्या किमतीच्या गाडीचा आहे.

खुद्द टेस्लाचेही पाहा. संपूर्ण तळभाग एका तुकड्यात ओतण्याची त्यांची योजना मागे पडल्याचे वृत्त रॉयटर्सने मे २०२४ मध्ये दिले. पुढे एक, मागे एक आणि मध्ये बॅटरीचा भाग, ही तीन तुकड्यांची रचना त्यांनी कायम ठेवली.

खानापूरचा डायवाला, सध्या चाकण

हिशेब मान्य आहे, पण त्यातून 'आपल्याला धोका नाही' असा अर्थ काढू नका. सहा हजार टनांचे यंत्र आले नाही तरी दोन-चार हजार टनांची येतात. त्यांवर मोटरचे हाउसिंग, बॅटरीचा ट्रे, शॉक टॉवर (शॉक अॅब्सॉर्बरचे वरचे टोक धरणारा भाग) असे भाग निघतात. ट्रॅक्टर आणि ट्रक सोडले, तर लोखंडाकडून अॅल्युमिनियमकडे गेलेला भाग परत लोखंडाकडे आलेला मी अजून पाहिलेला नाही. नकलचेच घ्या. तुम्ही तो एसजी आयर्नचा म्हणून यादीत धरलात, पण बॅटरीचे वजन सोसायचे म्हणून इतर ठिकाणी वजन कमी करण्याचा दबाव वाढला की ग्राहक तोच भाग अॅल्युमिनियममध्ये मागतो. ब्रेकच्या डिस्कवर तुमची भिस्त असेल, तर विजेची गाडी मोटरच्या साहाय्याने वेग कमी करते, त्यामुळे डिस्क कमी झिजते आणि बदलीच्या मालाचा बाजार आक्रसतो, हेही लक्षात घ्या. उद्यमबागेतल्या ज्या फाउंड्रीचा निम्मा माल बदलीच्या ड्रम-डिस्कचा आहे, तिने चित्रफिती पाहून घाबरू नये, हे ठीक. पण आपली ऑर्डरबुक पाहून थोडे घाबरावे.

शिनोळीचा हायड्रॉलिकवाला

ही चर्चा यंत्रातून काय निघते यावर चालली आहे. यंत्र कशाचे बनते, तेही पाहू या. गिगाप्रेसची, म्हणजे गिगाकास्टिंगच्या यंत्राची, लांबी वीस मीटरच्या आसपास आणि वजन चारशे टनांहून जास्त. त्या वजनाचा मोठा वाटा प्लॅटन या डाय धरणाऱ्या जाड पाटांचा असतो आणि हे प्लॅटन वाळूच्या साच्यात ओतलेल्या एसजी आयर्नचे असतात. ज्या यंत्रामुळे वाळूचे ओतकाम संपणार म्हणतात, त्याचा सांगाडाच वाळूत ओतलेला असतो, ही गंमत आहे. एवढे मोठे प्लॅटन आपल्या भागातल्या सर्वसाधारण फाउंड्रीच्या आवाक्यातले नाहीत, हे मला कळते. परंतु चार-आठशे टनांच्या डायकास्टिंग यंत्रांचे आणि इंजेक्शन मोल्डिंग यंत्रांचे प्लॅटन काही टनांचे असतात. शॉट सिलिंडरचे व्हॉल्व्ह ब्लॉक, मॅनिफोल्ड, पंपांची बॉडी हे तर बेळगावचे रोजचे काम आहे.

दुसरी वाट नमुन्यांची आहे. पोलादी डाय करायला खूप महिने आणि प्रचंड पैसा लागतो, म्हणून रचना पक्की होण्यापूर्वी तोच भाग वाळूत ओतून तपासतात. टेस्ला यासाठी त्रिमितीय छपाईने केलेले वाळूचे साचे वापरते, असे वृत्त रॉयटर्सने सप्टेंबर २०२३ मध्ये दिले होते. पॅटर्न (साचा उमटवण्याचा नमुना) नको, कोअरबॉक्स (भागातली पोकळी राखणारे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, बनवायची पेटी) नको, रचना बदलली की नवी फाइल छापायची. कोअर बसवणे, साच्यातून वायू बाहेर काढणे, धातू कुठून आत घ्यायचा हे ठरवणे, हे ज्ञान आपल्याकडे पिढ्यांचे आहे. छपाईयंत्र एकट्याला परवडणार नाही, पण चार-पाच फाउंड्र्यांनी मिळून घेतले तर? सर, वाळूत ओतलेल्या नमुन्याची ताकद डायमधल्या भागासारखी येते का, हे मात्र तुम्हीच सांगा.

टिळकवाडीचे निवृत्त शिक्षक

तशीच्या तशी येत नाही. पोलादी डायमध्ये धातू झटकन गोठतो, त्यामुळे दाणा बारीक पडतो. वाळूत तो सावकाश गोठतो, दाणा जाड होतो आणि त्याच रासायनिक घटकांच्या मिश्रधातूची लांबण्याची क्षमता घटते. म्हणून नमुन्यासाठी घटकांत थोडा बदल करून आणि नंतर उष्णताप्रक्रिया देऊन गुणधर्म जुळवून आणावे लागतात. आकार, बसणी आणि कडकपणा तपासायला असा नमुना उत्तम. अपघाताच्या चाचणीचे निष्कर्ष त्यावरून काढताना सावध राहावे.

प्लॅटनविषयीही एक सूचना. दीडशे-दोनशे मिलिमीटर जाडीच्या एसजी आयर्नच्या मध्यभागी धातू फार उशिरा गोठतो, तोवर इनॉक्युलेशनचा (ग्राफाइट नीट तयार व्हावे म्हणून घातलेल्या द्रव्याचा) परिणाम ओसरतो आणि ग्राफाइटचे गोळे गोल न राहता गठ्ठे होतात. कडेला जोडून ओतलेल्या चाचणी-तुकड्यात हे दिसतच नाही. तिथली ताकद आणि गोळ्यांचा आकार उत्तम येतो, प्रमाणपत्र मिळते आणि प्लॅटन मात्र पोटात कमजोर निघतो. सिलिकॉन थोडे खाली ठेवणे, जाड जागी चिल (धातू लवकर गोठवणारे तुकडे) लावणे, इनॉक्युलंट अगदी शेवटी धारेत सोडणे आणि अँटिमनीची अत्यल्प मात्रा वापरणे, हे यावरचे मान्य उपाय आहेत. ज्यांना अशा चौकशा येतील, त्यांनी दर कळवण्याआधी त्याच जाडीचा एक ठोकळा ओतावा, मधोमध कापावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. ठोकळ्याचा खर्च दरात धरायला हरकत नाही. यंत्र बनवणारे त्याबद्दल घासाघीस करत नाहीत.